ग्यानचं नाव घरात कसं घ्यायचं?

प्रश्न:

ताई, मी मूळची पुण्याची. आमचे हे घानाचे. पुण्यात इंजिनिअरिंगला होते, तेव्हाची ओळख. लग्नानंतर अक्राला आले ती इथलीच झाले. यांचं फुटबॉलवेड मोठं. अक्राच्या हार्ट्स ऑफ ओक क्लबचा किंवा ब्लॅक स्टार्सचा, म्हणजे घानाच्या राष्ट्रीय संघाचा, सामना असला की घरात दुसरा विषय नसतो. मला क्रिकेट कळतं, फुटबॉल जेमतेम.

धाकटा मुलगा चौदा वर्षांचा आहे. इथे लहान मुलांच्या क्लबांना कोल्ट्स म्हणतात, त्यातल्या एका संघाकडून फॉरवर्ड खेळतो. गेल्या महिन्यात अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला मिळालेली पेनल्टी त्याने बारवर मारली आणि संघ हरला. गाडीत हे काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र म्हणाले, ‘आमच्या घरात दुसरा ग्यान जन्मला.’ असामोआ ग्यान म्हणजे २०१०च्या विश्वचषकात घानाची मोक्याची पेनल्टी चुकवलेला खेळाडू. मुलगा ताटावरून उठला. तेव्हापासून बूट पलंगाखाली पडून आहेत. सरावाला जात नाही, रविवारी वडिलांशेजारी बसून सामनाही बघत नाही. संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलं त्याला काय काय म्हणतात ते मोठ्या मुलीने मला दाखवलं.

हे वाईट माणूस नाहीत. घानाचा खेळाडू क्रिस्तियन अत्सू भूकंपात गेला तेव्हा यांना मी हुंदके देताना पाहिलंय. पण २०१०चा तो सामना निघाला की ग्यानला शिव्या घातल्याशिवाय यांना राहवत नाही, आणि मुलं ते ऐकतच मोठी झाली. दीर म्हणतात, खेळच तो, विसरेल. मुलाला मी पुन्हा मैदानावर ढकलू का? यांच्याशी कसं बोलू? आणि ज्या खेळातलं मला काही कळत नाही, त्यात मी बोलावं का?

– एक आई, अक्रा

उत्तर:

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची दोन्ही त्यावरच अवलंबून आहेत. बोलावंच. पेनल्टी मैदानावर चुकली, पण मुलगा उठला तो तुमच्या जेवणाच्या टेबलावरून, आणि तिथे तुमचा हक्क पुरेपूर आहे.

मुलगा चौदाचा, म्हणजे २०१०चा सामना झाला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. ती पेनल्टी त्याने पाहिली असेल तर मोबाइलवर, काही सेकंदांची. बाकी सगळं त्याला वडिलांकडून मिळालं: ग्यान कोण, त्याने देशाचं काय घालवलं, त्याला माफी का नाही. घरात ज्या माणसाची सर्वांत जास्त निंदा ऐकली, त्याच माणसाचं नाव वडिलांनी त्याला दिलं. संघातली मुलं चिडवतात त्याचा त्रास होत असणारच, पण पोरांची चिडवाचिडवी पुढच्या सामन्यानंतर दुसऱ्या कुणाकडे वळते. वडिलांचं बोलणं मनात ठाण मांडून बसतं.

म्हणून इलाज मुलापासून सुरू करता येणार नाही. आधी ग्यानचं काय करायचं ते तुमच्या घराला ठरवावं लागेल. त्यासाठी तो सामना तुम्हाला नीट ठाऊक हवा, म्हणजे ‘तुला काय कळतं त्यातलं’ असं कुणी म्हणणार नाही.

२ जुलै २०१०, जोहान्सबर्गचं सॉकर सिटी. आफ्रिकेच्या भूमीवरचा पहिला विश्वचषक. दक्षिण आफ्रिका, नायजेरिया, कॅमेरून, अल्जीरिया, आयव्हरी कोस्ट, सगळे साखळीतच गारद झालेले. अख्ख्या खंडाचा एकच संघ उरला होता, घाना. दक्षिण आफ्रिकेची माणसं आपल्या संघाच्या ‘बाफाना बाफाना’ या नावाच्या चालीवर त्यांना ‘बाघाना बाघाना’ म्हणू लागली होती. समोर उरुग्वे. मध्यंतराच्या तोंडावर सुली मुंतारीने लांबून मारलेला फटका आत गेला, नंतर दिएगो फोर्लानने फ्री-किकवर बरोबरी केली. जादा वेळेच्या अगदी शेवटी डॉमिनिक आदियिआचं हेडर गोलमध्ये शिरत असताना रेषेवर उभ्या लुईस सुआरेझने ते हातांनी अडवलं. लाल कार्ड आणि पेनल्टी. हा एक गोल झाला असता तर घाना उपांत्य फेरीत पोहोचला असता, आणि तिथवर जाणारा तो आफ्रिकेचा पहिला देश ठरला असता. असामोआ ग्यानचा फटका क्रॉसबारला लागून वर उडाला. मग शूटआउट, म्हणजे निकालासाठी दोन्ही संघांनी आळीपाळीने घ्यायच्या पेनल्टी, आणि त्यात घाना ४-२ने हरला.

इथवरची गोष्ट तुमच्या घरात सगळ्यांना पाठ असणार. पुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. शूटआउटमध्ये घानाकडून पहिला चेंडू घ्यायला कोण पुढे आलं? ग्यानच. काही मिनिटांपूर्वी ज्याच्या हातून सगळं निसटलं होतं, तो माणूस मागच्या रांगेत तोंड लपवून उभा राहिला नाही. पुन्हा गोलसमोर गेला, चेंडू ठेवला आणि गोल केला. शूटआउटमध्ये हुकल्या त्या कर्णधार जॉन मेन्सा आणि आदियिआ यांच्या किका.

आणखी एक. घाना त्या सामन्यापर्यंत पोहोचला कसा? साखळीत सर्बियाला १-० हरवलं, गोल ग्यानचा, पेनल्टीवर. ऑस्ट्रेलियाशी १-१ बरोबरी, गोल ग्यानचा, पेनल्टीवर. जर्मनीकडून ०-१ हार. म्हणजे साखळीत घानाचे एकूण गोल दोन, दोन्ही ग्यानच्या पेनल्टीचे. ऑस्ट्रेलियाचेही तेवढेच गुण होते, गोलफरकावर घाना पुढे गेला. मग बाद फेरीत अमेरिकेविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल, तोही ग्यानचा. त्याने आधीच्या दोन पेनल्टी घातल्या नसत्या तर तिसरी चुकवायला घाना तिथे नसताच. तुमचे यजमान हे विसरले असतील असं मला वाटत नाही. इतक्या वेळा रागाने सांगितल्यामुळे त्यांच्या गोष्टीतून हा भाग गळून पडला असावा.

ग्यान तिथेच संपलाही नाही. घानासाठी त्याचे ५१ गोल आहेत, देशात सर्वांत जास्त. विश्वचषकात त्याचे सहा गोल, कुठल्याही आफ्रिकी खेळाडूपेक्षा जास्त. त्याआधी तो मान कॅमेरूनच्या रॉजे मिलाचा होता, पाच गोलांचा. पुढे २०१९मध्ये तो आपल्याकडे भारतातही खेळून गेला, गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडून. सगळ्या आयुष्याचा इतका ऐवज समोर असताना आपण त्यातला एक फटका उचलतो आणि माणसाला तेवढंच नाव देतो. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. चाहत्याने रागावू नये असं मी म्हणत नाही. त्या रात्री रडायला, ओरडायला, टीव्ही बंद करायला पूर्ण मुभा आहे. पण इतक्या वर्षांनंतर तोच राग मुलांच्या ताटात वाढायचा का, हा वेगळा प्रश्न आहे.

आता तुमच्या दिरांचं ‘खेळच तो’. हे कृपा करून मुलाला कुणी म्हणू नका. घानात फुटबॉल नुसता खेळ कधीच नव्हता. १९५७मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि देशाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांनी राष्ट्रीय संघाकडे नव्या आफ्रिकेची ओळख म्हणून पाहिलं. झेंड्यावरचा काळा तारा संघाच्या नावात आला. १९६३ आणि १९६५, लागोपाठ दोन वेळा घानाने आफ्रिका चषक जिंकला. त्याच सुमाराला १९६६च्या विश्वचषकासाठी फिफाने आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या सगळ्यांना मिळून एक जागा देऊ केली. आफ्रिकेच्या देशांनी स्पर्धेवर बहिष्कार टाकला, आणि त्यात घाना आघाडीवर होता. १९७०पासून आफ्रिकेला हक्काची एक जागा मिळाली. २०२६च्या विश्वचषकात थेट जागा नऊ आहेत. तुमच्या यजमानांच्या मनात २०१० इतकं खोल का रुतलंय, त्याचं मूळ इथे आहे. मुलालाही ते ठाऊक आहे. तो याच घरात, याच गावात वाढला. त्याला ‘खेळच तो’ म्हटलं की त्याचं दुःख कमी होत नाही, फक्त ते समजून घेणारं घरात कुणी नाही एवढं त्याला कळतं.

मी कोल्हापूरची. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा फुटबॉल सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठांमधलं वातावरण काय असतं ते मी लहानपणापासून पाहिलंय. पेनल्टी चुकवलेल्या मुलाला तालमीच्या दारातून, चहाच्या टपरीवरून काय ऐकावं लागतं तेही. तिथे ज्या मुलाच्या पाठीशी घर उभं राहिलं तो पुढच्या मोसमात उतरला, आणि ज्याच्या घरातूनही तेच ऐकू आलं त्याने बूट कुणाला तरी देऊन टाकले. म्हणून तुमच्या पत्रातलं ‘बूट पलंगाखाली’ हे वाक्य वाचून मला जरा धीर आला. अजून दिलेले नाहीत.

यजमानांशी बोलाल तेव्हा एका रात्रीची आठवण त्यांना करून द्या. ८ ऑक्टोबर २००५. याउंदेमध्ये कॅमेरून-इजिप्त सामना १-१ असा होता आणि जिंकले तर कॅमेरून विश्वचषकाला जाणार होता. अगदी शेवटी पेनल्टी मिळाली. पियेर वोमेने ती घेतली आणि चेंडू खांबाला लागला. वोमेला जिवाची भीती वाटावी इतका लोकांचा संताप उसळला आणि त्याला देशाबाहेर पडावं लागलं. त्याच संध्याकाळी सुदानमध्ये आयव्हरी कोस्टचा संघ आपला सामना ३-१ने जिंकून याउंदेच्या निकालाकडे कान लावून बसला होता. वोमेची पेनल्टी चुकली म्हणून ते पात्र ठरले. आणि मग ड्रेसिंग रूममध्ये दिदिए द्रोग्बा सगळ्या सहकाऱ्यांना घेऊन कॅमेऱ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि यादवीने दुभंगलेल्या आपल्या देशाला म्हणाला, शस्त्रं खाली ठेवा, निवडणुका घ्या. पुढे २००७मध्ये बंडखोरांचा गड असलेल्या बुआकेमध्ये राष्ट्रीय संघाचा सामनाही झाला.

द्रोग्बाचं नाव आज आफ्रिकेत कुठेही घ्या, लोकांना ते गुडघे टेकणं आठवतं. पण २०१२च्या आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात सत्तराव्या मिनिटाला याच द्रोग्बाने पेनल्टी बारवरून मारली, आणि आयव्हरी कोस्ट तो सामना झांबियाकडून शूटआउटमध्ये हरला. त्याला कुणी त्या पेनल्टीवरून ओळखतं का? म्हणजे माणसाचं काय लक्षात ठेवायचं याची निवड चाहत्यांच्या हातात असते. ती द्रोग्बाच्या बाबतीत उदारपणे केली गेली. ग्यानच्या बाबतीत नाही.

आणि त्या अंतिम सामन्यात झांबिया पोहोचला कुणाला हरवून? घानाला. उपांत्य सामन्यात तेव्हाही ग्यानची पेनल्टी अडवली गेली होती. तुमच्या यजमानांच्या शिव्यांमध्ये हाही सामना असेलच. पण त्यांना झांबियाच्या बाजूने एकदा बघायला सांगा. २७ एप्रिल १९९३च्या रात्री झांबियाच्या राष्ट्रीय संघाचं विमान गॅबनच्या लिब्रव्हिलजवळ समुद्रात कोसळलं. विमानातले सगळे गेले, त्यात १८ खेळाडू होते. संघातला कालुशा ब्वाल्या हॉलंडमध्ये खेळत असल्यामुळे विमानात नव्हता, म्हणून वाचला. २०१२चा अंतिम सामना त्याच लिब्रव्हिलमध्ये होता. सामन्याआधी झांबियाची मुलं किनाऱ्यावर जाऊन पाण्यात फुलं वाहून आली. कालुशा तोवर त्यांच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष झालेला होता. त्या रात्री झांबियाने आपला पहिला आफ्रिका चषक जिंकला. ज्या पेनल्टीने तुमच्या घरात संताप आला, तिने एका दुसऱ्या देशाला त्याच्या मेलेल्या मुलांसाठी काहीतरी करायची संधी दिली. फुटबॉलवर खरं प्रेम असलेल्या माणसाला हे भिडतं, आणि अत्सूसाठी रडणारा माणूस तसाच असणार.

अत्सूची आठवण तुम्ही काढलीत ते बरं झालं, कारण यजमानांपर्यंत पोहोचायचा रस्ता मला तिथेच दिसतो. २०१५च्या आफ्रिका चषकात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षीही घाना अंतिम सामन्यात शूटआउटमध्ये ९-८ असा हरला, पण अत्सू गेला तेव्हा तो चषक कुणी काढला नाही. लोकांनी आठवलं ते किरकोळ चोरीसाठी तुरुंगात खितपत पडलेल्यांचा दंड भरून त्यांना सोडवणारा मुलगा. तुमच्या यजमानांनाही तेच आठवलं असेल. मग जिवंत ग्यानला तेवढा मोठेपणा का मिळू नये? यासाठी त्याने मरायची वाट बघायची का? हा प्रश्न त्यांना विचारा. पण सामन्याच्या दिवशी नको, आणि मुलासमोर तर नकोच.

आणखी एक बापलेक आहेत, त्यांचीही गोष्ट काढा. आबेदी पेले १९९२मध्ये घानाला आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला, पण उपांत्य सामन्यात कार्ड मिळाल्यामुळे दाकारमधला तो अंतिम सामना त्याला बाहेर बसून बघावा लागला. शूटआउट ११-१०पर्यंत लांबलं, गोलकीपरांनीसुद्धा किका घेतल्या, शेवटी टोनी बाफोचा फटका अडला आणि घाना हरला. पुढे हाच बाफो आफ्रिकी फुटबॉल महासंघाचा उपसरचिटणीस झाला. आबेदीचा मुलगा आंद्रे आयू २०१०च्या संघात होता, आणि उरुग्वेच्या सामन्यात तोही कार्डांमुळे बाहेर. बारा वर्षांनी, २ डिसेंबर २०२२ला कतारमध्ये पुन्हा समोर उरुग्वे, आंद्रे कर्णधार, पहिल्याच अर्धात पेनल्टी, आणि गोलकीपरने ती अडवली. घाना ०-२ हरला. त्या दिवशी आंद्रेला तितक्या शिव्या पडल्या नाहीत, कारण दुसरीकडे दक्षिण कोरिया जिंकल्यामुळे उरुग्वेही बाहेर गेला आणि सुआरेझ बाकावर रडताना दिसला. तेवढ्यावर लोकांचं समाधान झालं. यजमानांना विचारा, तुम्ही आयूला काय म्हणता? बहुतेक काही म्हणत नसतील. मग एकाच कसुरीला दोन माप का?

सुआरेझबद्दल थोडंच बोलते. त्याने हात लावला, नियमाने त्याला बाहेर काढलं, पेनल्टी मिळाली. त्यानंतर २०२२मध्येही तो म्हणाला की माफी मागणार नाही. त्याच्यावर राग धरायचा तर धरा. त्याने तुमच्या मुलाचं काही बिघडत नाही.

आता सेनेगलचा सादिओ माने. मुलाला धीर द्यायला कुणीतरी ही गोष्ट नक्की सांगेल, म्हणून लिहिते. ६ फेब्रुवारी २०२२, याउंदे, सेनेगल-इजिप्त अंतिम सामना. सातव्या मिनिटाला मानेची पेनल्टी अडवली गेली. दोन तासांनी शूटआउटमधली शेवटची, चषक जिंकून देणारी पेनल्टी त्यानेच घातली. बाजूला प्रशिक्षक म्हणून उभा होता आलिऊ सिसे, ज्याने २००२च्या अंतिम सामन्यात कर्णधार असताना सेनेगलची शेवटची पेनल्टी घालवली होती. वीस वर्षांनी सेनेगलला पहिला चषक मिळाला. गोष्ट सुंदर आहे आणि खरी आहे. तरी मुलाला ती औषध म्हणून देऊ नका. तिच्यातून त्याला ऐकू येईल की चूक भरून काढलीस तरच ती माफ. वोमेला ती पेनल्टी भरून काढायची संधी मिळाली नाही. १९८२नंतर घानानेही आफ्रिका चषक जिंकलेला नाही. तुमच्या मुलाला पुढे कुठल्या अंतिम सामन्यात पेनल्टी मिळेल याची हमी कोण देणार? त्याला घरात मान हवा तो आत्ता, बूट पलंगाखाली असताना.

मग करायचं काय. यजमान शांत असतील अशा वेळी त्यांच्याशी एकटीने बोला. लांबण लावू नका. ‘तुम्ही त्याला ग्यान म्हणालात. आजवर ग्यानबद्दल जे जे बोललात ते सगळं त्याला स्वतःबद्दल ऐकू आलं.’ एवढं पुरे आहे. ते चिडतील, म्हणतील मस्करीत बोललो. वाद घालू नका. माणसाला असं बोलणं पचायला एक-दोन दिवस लागतात. मग त्यांना सांगा की मुलाची माफी त्यांनी स्वतः मागायची आहे, तुमच्यामार्फत नाही. आणि ती जेवणातल्या त्या वाक्याची असावी. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ अशी घुमवून फिरवून नको. ‘मी ते बोलायला नको होतं’, सरळ.

त्यानंतर जमलं तर बाप-लेकांनी मिळून एक जुना सामना बघावा. उरुग्वेचा नको. अमेरिकेविरुद्धचा, ग्यानने जिंकून दिलेला. बघताना वडिलांनी उपदेश करू नये. मुलाने विचारलंच, तर उरुग्वेच्या शूटआउटमधली ग्यानची ती पहिली किक दाखवावी आणि म्हणावं, ‘ग्यानची मी तुला अर्धीच गोष्ट सांगितली होती.’ मुलगा उठून गेला तर जाऊ द्यावं. तो सगळं ऐकत असतो, उत्तर लगेच देत नाही एवढंच.

तुमचा पहिला प्रश्न राहिला: ढकलू का? नाही. बूट काढून, पुसून दारात ठेवणं, कोचला घरी बोलावून समजूत घालायला लावणं, यातलं काही करू नका. तो आधी गटर-टू-गटरला, म्हणजे गल्लीतल्या फुटबॉलला, उतरेल, जिथे स्कोर कुणी लिहून ठेवत नाही. तेव्हा खिडकीत उभं राहून बघूही नका. परत क्लबात गेला तर पुढची पेनल्टी घ्यायची की नाही हे त्याने ठरवायचं. ग्यानच्या आईने त्याला पुन्हा पेनल्टी घेऊ नकोस असं सांगितलं होतं, आणि ती गेल्यावर तिची इच्छा म्हणून २०१३च्या आफ्रिका चषकाला जाताना त्याने पेनल्टी घेणार नाही असं ठरवलं होतं. त्या माऊलीचं मन मला कळतं. मुलाला लोक फाडून खाताना तिने पाहिलं होतं. पण तुमचा मुलगा चौदाचा आहे, आणि त्याने चेंडू ठेवायचा की नाही हे भीतीने ठरावं असं मला वाटत नाही, मग ती भीती त्याची असो की तुमची. आणि समजा त्याने फुटबॉल सोडून बास्केटबॉल धरलं, किंवा नुसताच चाहता राहिला, तरी चालेल. वडिलांना घाबरून सोडलं नाही एवढं तुम्हाला दिसलं पाहिजे.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. झोप, जेवण, शाळा यांतलं काही बिघडत चाललंय असं दिसलं, किंवा तो मित्रांपासूनही तुटत चाललाय असं वाटलं, तर शाळेतल्या समुपदेशकांची वेळ घ्या. त्यात उशीर नको आणि कमीपणाही नको.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल, आणि तेही याच आठवड्यात. मुलीने दाखवलेल्या मेसेजचे फोटो तिच्याकडून घ्या आणि कोचला भेटा. कुठल्याही मुलाचं नाव घेऊन तक्रार करू नका. संघाच्या ग्रुपवर हे चाललंय आणि ते थांबायला हवं, एवढंच सांगा. बऱ्याचशा कोल्ट्स कोचनी स्वतः कधी ना कधी पेनल्टी घालवलेली असते, त्यांना फार समजवावं लागत नाही. त्यांनी ऐकलं नाही तर क्लबच्या चालकांकडे जा, आणि तेव्हा यजमानांना बरोबर घेऊन जा. मुलाच्या वतीने वडील बोलताहेत हे संघातल्या पोरांनाही दिसू द्या.